पुसलेला आरसा

मामाच्या घरात कायदे असे फारसे नव्हतेच. चपला घालून आत या, खाटेवर पाय पसरून बसा, चहाचा कप धुवा नाहीतर तसाच ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. कायदा एकच होता आणि तो मात्र काळ्या दगडावरची रेघ: दुर्बिणीच्या आरशाला हात लावायचा नाही. धूळ बसली तर बसू द्यायची. "धुळीनं चंद्र अडत नाही, हातानं अडतो," असं मामा म्हणायचा, आणि गेल्या सहा वर्षांत लख्खूला त्यानं हे शंभर वेळा तरी ऐकवलं असेल. त्यामुळे 'मला माहीत नव्हतं' ही सबब तिला मुळातच नव्हती.

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. वय अडुसष्ट. सगळी नोकरी बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून केलेली. बत्तिसाव्या वर्षी लेथवर लोखंडाचा एक कण उडाला आणि डावा डोळा घेऊन गेला. दुसरा कुणी असता तर जन्मभर तेच रडगाणं गात बसला असता. मामा म्हणायचा, दुर्बिणीला एकच डोळा लागतो, लोकांना दुसरा मिटून धरावा लागतो, माझी ती कटकट मिटली.

मामी गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं आरसा करायला घेतला. परसात तेलाचं रिकामं पिंप उभं केलं, त्यावर ताटलीएवढी जाड काच बसवली, तिच्यावर दुसरी ठेवली, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड घातली, आणि पिंपाभोवती फिरत फिरत वरची काच घासत राहिला. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेजाऱ्यांना वाटलं, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकंही गेलं. चौदा महिने तो त्या पिंपाभोवती फिरला. शेवटी काचेला अशी खोली आली की तीत केसाच्या शंभराव्या भागाइतकीही चूक नव्हती. मग ती कापसात गुंडाळून दूरच्या शहरात पाठवली, ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणली, आणि पत्र्याच्या लांब नळीच्या तळाशी बसवली. ती झाली मामाची दुर्बीण.

लख्खूचं नाव काही वेगळंच होतं, पण घरात ते फक्त कागदपत्रांपुरतं उरलं होतं. लहानपणापासून हातात फडकं, आणि जे दिसेल ते लख्ख करायचं, म्हणून लख्खू. पुढे पोटापाण्याचा उद्योगही तसाच मिळाला. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत शेवटचा हात फिरवायच्या टेबलावर बसायची. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचे व्हायचे, साच्यांवर मेण, मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या, हिरड्यांत दात. आणि हे सगळं झालं की कवळी लख्खूकडे यायची. फिरत्या चाकावर कापडी चकती, चकतीला पांढरी पेस्ट, आणि कवळी अशी गुळगुळीत व्हायची की जिभेला कळू नये. दिवसाला तीस कवळ्या, वीस वर्षं. प्रयोगशाळेच्या हवेत प्लास्टरची धूळ इतकी, की संध्याकाळी केस झटकले तर ती दहा वर्षांनी तरुण दिसायची.

कॅमेराही तिथलाच. दातांचा रंग जुळवायला मालकानं एक घेतला होता, मग नवा आणला आणि जुना लख्खूला देऊन टाकला. तो घेऊन ती मामाकडे गेली आणि दोघांनी तो दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाच्या जागी जोडला. पहिल्या दिवशी पडद्यावर चंद्राचा काठ थरथरताना दिसला तेव्हा मामानं टाळी वाजवली होती. तेव्हापासून अर्ध्या चंद्राचे दोन-तीन दिवस मामाची गच्ची त्यांची. अर्धा चंद्र संध्याकाळी दिवेलागणीलाच डोक्यावर आलेला असतो, आणि त्याच्यावर उजेड तिरका पडत असल्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. मामा नळी फिरवून चंद्र मधोमध आणायचा, लख्खू दोन मिनिटांत तीन हजार चित्रं घ्यायची. हवा हलत असते, त्यामुळे त्यांतली बहुतेक वाया. चांगली दोनशे निवडायची आणि संगणकावर एकावर एक बसवायची की एक खरं चित्र मिळतं. नवऱ्याला खिडकीतून दिसतो तेवढा चंद्र पुरत होता, त्यामुळे या कामात तो पडला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वाचनालयानं गावातल्या हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं आणि लख्खूकडे चंद्राचा एक मोठा फोटो मागितला. शनिवारपर्यंत द्यायचा. नेमका त्याच आठवड्यात मामा आठ दिवसांसाठी तिच्या आईकडे गेलेला, घराची किल्ली लख्खूकडे. बुधवारी तिनं एकटीनंच गच्चीवर फोटो काढले. हवा स्थिर होती, खड्डे सुईनं कोरल्यासारखे आले. फक्त तीन ठिकाणी करडे डाग होते. एक तर ऐन खड्ड्यांच्या रांगेवर.

डाग संगणकावर पाच मिनिटांत पुसता आले असते. पण तसं करणं म्हणजे लबाडी, असं तिचं ठाम मत होतं. मोठी सत्यवादी! तिनं ठरवलं, डाग आहेत म्हणजे आरशावर धूळ आहे, आणि धूळ आहे तर ती जायला हवी. गुरुवारी कामावरून परस्पर मामाच्या घरी येऊन तिनं नळीच्या बुडाचे तीन स्क्रू काढले आणि आरसा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून त्यावर ठेवला.

पुढे कित्येक दिवस ती स्वतःला सांगायची की हात आपोआप गेला. आपोआप वगैरे काही नसतं. कामाच्या पिशवीची चेन उघडायला दोन हात लागतात. आधी तिनं पिशवीतून मऊ फडकं काढून आरसा कोरडाच पुसला, गोल गोल, कवळी पुसतात तसा. त्यानं धुरकट रेघा उठल्या. मग त्या रेघा घालवायला ती पांढऱ्या पेस्टची डबी काढून बसली. दहा मिनिटांनी दिव्याखाली आरसा असा चमकायला लागला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. मामाला कळणारही नाही, तिनं मनाशी म्हटलं, आणि कळलं तर खूशच होईल.

अंधार पडल्यावर तिनं आरसा नळीत बसवून पुन्हा कॅमेरा लावला. तिन्ही डाग जागच्या जागी होते. आणि आता सगळा चंद्र दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. सावल्या काळ्या नव्हत्या, राखाडी होत्या. तिनं भीतभीतच कॅमेरा थोडा फिरवला. चित्रात चंद्र फिरला, डाग फिरले नाहीत. म्हणजे डाग आरशाचे नव्हतेच, कॅमेऱ्याचे होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत ती कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं कॅमेऱ्याचं तोंड उघडून आत रबरी फुग्यानं दोन फुंकरा मारल्या. प्लास्टरची पूड दिसते, म्हणाला, कुठे बांधकामावर नेता का? आणि वर सहज विचारलं, दुर्बिणीचा आरसा तर नाही ना पुसलात, लोक आधी तेच करून बसतात. लख्खू म्हणाली, "छे, मला काय वेड लागलंय?" हे तिचं पहिलं खोटं.

शनिवारी सकाळी आरसा पुन्हा काढून दिवसाउजेडी पाहिलं तर आरशावर बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं होती, आणि मधोमध हाताच्या पंजाएवढा मुलामा विटून करडा पडलेला. चौदा महिन्यांचं काम दहा मिनिटांत मातीला मिळालं होतं. तिनं आरसा परत बसवला आणि स्क्रू घट्ट आवळले. वाचनालयाला तिनं बुधवारचाच फोटो दिला, संगणकावर डाग पुसून. लोकांनी वाहवा केली.

मामा परत आल्यावर सांगायचं, हे पक्कं होतं. पण तो आला तो आईच्या गुडघ्याच्या गप्पा घेऊन, आणि त्या दिवशी राहिलं. मग आज त्याचा मूड चांगला आहे म्हणून राहिलं, मग मूड वाईट आहे म्हणून. न सांगायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत. होता होता पुढच्या महिन्याचा अर्धा चंद्र उगवला.

त्या संध्याकाळी मामानं भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग रुमालानं डोळा पुसून पुन्हा लावला. भिंग बदललं. चष्मा काढला, घातला. लख्खू मागे कॅमेऱ्याची वायर हातात धरून उभी होती.

"आरशाला काही झालं नाही ना ग?" त्यानं विचारलं. "मला जवळचं नीट दिसत नाही. तू बॅटरी मारून बघ जरा नळीत."

हीच ती वेळ होती. देवानं ताटात वाढून दिलेली. लख्खूनं बॅटरी घेतली, नळीच्या तोंडाशी वाकली, आणि तळाशी ती वर्तुळं तिला इतकी स्वच्छ दिसली की मोजता आली असती.

"नाही रे मामा," ती म्हणाली. "छान आहे आरसा."

मामानं मान हलवली. तिच्या शब्दावर त्यानं कधी शंका घेतलीच नव्हती, तो आता काय घेणार? तो एवढंच म्हणाला की मग बहुतेक डोळा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, त्रास व्हायला लागला की बघू. तो त्रास सुरू झाला असावा.

त्यावर कळस म्हणजे फोटो. मामानं दुसऱ्या दिवशी विचारलं, काल कॅमेऱ्यात कसा आलाय? लख्खूनं आदल्या दिवसाची चित्रं घेऊन दोन तास संगणकावर घालवले होते. धुरकटपणा खेचून काढला, सावल्या काळ्या केल्या, खड्ड्यांना धार आणली. असं करायचं काही कारण नव्हतं. दरमहा फोटो व्हायचा तसा व्हावा, कुणाला फरक कळू नये, एवढंच तिच्या मनात होतं. मामानं फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"कॅमेऱ्याला सगळं दिसतंय," तो म्हणाला. "मलाच दिसत नाही."

लख्खू घरी जाऊन जेवली नाही. नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आपण आरसा खराब केला याचं तिला वाईट वाटतच होतं, पण हे त्यापेक्षा वेगळं होतं. आरसा खराब करताना तिला काही कळत नव्हतं. फोटो सुधारताना सगळं कळत होतं.

एकदा शंका डोक्यात शिरली की ती भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी मुक्काम ठोकते. मामाला आता सगळीकडेच धुकं दिसायला लागलं. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडं दिसतं म्हणे. पेपरातली अक्षरं फिकट छापतात की काय म्हणे. खरा मोतीबिंदू थोडा होताच, त्यामुळे सगळंच खोटं होतं असंही नाही, आणि हा 'थोडा'च लख्खूला धरायला काडीसारखा मिळाला. ती स्वतःला समजवायची: आज ना उद्या ऑपरेशन करावंच लागणार होतं. मी काय, चार दिवस आधी करवतेय. तिसऱ्या महिन्याच्या अर्ध्या चंद्राला मामा गच्चीवर आलाच नाही. दुर्बिणीवर त्यानं चादर टाकली आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तारीख घेऊन आला. रोज संध्याकाळी फोन मात्र करायचा. काही काम नसायचं. फक्त विचारायचा, होईल ना ग सगळं नीट? आणि लख्खू म्हणायची, होईल रे, काळजी करू नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. लांबट व्हरांडा, भिंतीला टेकून निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर हिरव्या टोप्या घातलेली आठ-दहा माणसं, प्रत्येकाच्या एका भुवईवर पांढरी पट्टी. कुठला डोळा ते चुकू नये म्हणून. नर्स दर दहा मिनिटांनी येऊन रांगेनं थेंब घालत होती. मामालाही टोपी घातली, उजव्या भुवईवर पट्टी लावली. नर्स सवयीनं म्हणाली, काका, ऑपरेशननंतर हा डोळा दिवसभर झाकलेला राहील, आजचा दिवस दुसऱ्यावर काम भागवा. मामा म्हणाला, दुसरा कारखान्यात विसरलो. नर्सला ते कळलं नाही. मामा हसला, पण त्याचा हात खुर्चीची कड घट्ट धरून होता, आणि टोपीखाली त्याचा चेहरा एवढासा झाला होता. लख्खूनं त्याला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामीच्या वेळीसुद्धा नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. हातात फॉर्म होता. त्या मामाच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे बोलल्या.

"काका, इतरांना मी सांगते, हजारात एखाद्याला गडबड होते, आणि विषय सोडून देते. तुमच्या बाबतीत तो एखादा म्हणजे सगळंच. मोतीबिंदू अजून कोवळा आहे. तुम्हाला चंद्र दिसत नाही म्हणता, म्हणून मी काढतेय. नाहीतर थांबले असते. समजलं ना?"

मामानं मान हलवली. मग त्यांनी फॉर्म लख्खूकडे दिला. नातेवाइकाची सही हवी, म्हणाल्या, धोका समजला आहे असं लिहिलंय, वाचून करा. आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

लख्खूनं पेन घेतलं. नाव लिहिलं. नातं: भाची. मग सहीची रेघ आली. मामाच्या बुबुळात थेंबांनी बाहुली मोठी मोठी होत चालली होती, डोळा सगळा काळाच झाला होता, आणि तो डोळा तिच्याकडे वळलेला होता. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. तो फक्त ती कुठे आहे त्या दिशेला पाहत होता.

"मामा, आरसा मी पुसला," ती म्हणाली.

त्याला आधी समजलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. तू आईकडे होतास तेव्हा, म्हणाली, फोटोत डाग होते म्हणून. चंद्र तुला धुरकट दिसतो तो डोळ्यामुळे नाही, आरशामुळे.

"कशानं पुसलास?" फिटरचा पहिला प्रश्न.

"फडक्यानं. आणि मग पेस्टनं. कवळीच्या."

"सरळ की गोल?"

"गोल."

मामानं डोळा मिटला. मिटलेल्या पापणीतून थेंबाचं पाणी गालावर आलं ते त्यानं पुसलं नाही. "मग तू बॅटरी मारून बघितलंस तेव्हा?"

"खोटं बोलले."

"आणि फोटो?"

"तो मी संगणकावर नीट केला होता."

शेजारची हिरव्या टोपीची बाई उगाच दुसरीकडे बघायला लागली. नर्स थेंब घालायला आली तेव्हा मामानं हात आडवा केला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला सांगितलं. बाईंना लख्खूनंच सगळं सांगितलं, उभ्यानं, शाळेत बाकावर उभं केल्यासारखं. त्यांना राग आला होता, तो त्यांनी गिळला. टेबलावर घ्यायच्या आधी बोललात हे नशीब, एवढंच म्हणाल्या. फॉर्म फाडला, सहा आठवड्यांनी तपासायला यायला सांगितलं आणि मामाची टोपी स्वतःच्या हातानं काढली.

थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता, म्हणून दवाखान्यानं मामाला काळा पुठ्ठ्याचा चष्मा दिला होता. लख्खूनं टॅक्सीतून उतरताना त्याचा दंड धरला. त्यानं झटकला नाही, पण घराचं दार आल्याबरोबर सोडवून घेतला. मग चष्मा घातलेलाच तो आत गेला, सहा पावलं, डावीकडे वळला, खुर्ची चुकवली, मोरीच्या दारावर बरोबर हात ठेवला आणि तोंड धुवायला आत गेला. कुठेही अडखळला नाही.

लख्खू त्याच्या मागोमाग आली आणि थबकली. खाटेच्या पायापासून मोरीच्या दारापर्यंत भिंतीच्या कडेनं कंबरेच्या उंचीवर सुतळी ताणलेली होती, आणि तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. खुंटीवरच्या सदऱ्यांना पुढच्या बाजूनं सेफ्टी पिना लावल्या होत्या. स्वयंपाकघरात फळीवरचे तीन डबे एका ओळीत होते आणि प्रत्येकाला रबर चढवलेलं होतं, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. ती महिनाभर आतल्या खोल्यांत आलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत बसून, दहा मिनिटांत जाते म्हणून निघून जायची. मामाच्या समोर बसवत नव्हतं म्हणून.

आता तिला कळलं, रोज संध्याकाळी फोन ठेवल्यावर तो काय करत होता. डोळा मिटून घरभर चालत होता. मोजत होता.

तिला ते बघवेना. रडू इतकं आलं की काहीतरी करायलाच हवं होतं, आणि तिच्या हातांना करण्यासारखं एकच काम ठाऊक होतं. मोरीत पाण्याचा आवाज चालू होता. तिनं डब्यांची रबरं एक एक करून काढली, सगळी. डबे फडक्यानं पुसले आणि परत सरळ रेषेत मांडले. निदान हे तरी घालवू या, तिला वाटलं. आता याची गरज नाही. मामाला हे परत दिसायला नको.

मामा तोंड पुसत आला. काळा चष्मा परत चढवलेला होता. त्यानं गॅसवर पातेलं ठेवलं, नळाखाली कप धरून बोट आत घातलं, पाणी बोटाला लागल्यावर बंद केलं, दोन कप पातेल्यात ओतले. काडी न चुकता पेटली. मग फळीकडे हात नेला. पहिल्या डब्यावर बोटं फिरली. दुसऱ्यावर फिरली. परत पहिल्यावर आली, आणि तिथेच थांबली.

"रबर कुठंय?"

"मी काढलं," लख्खू म्हणाली. "आता कशाला हवंय, मामा? डोळा चांगला आहे ना तुझा."

मामानं डबा खाली ठेवला. चष्मा काढून बघायचा प्रयत्न केला, पण त्या फुगलेल्या बाहुलीला हातभरावरचं काही दिसेना. तिन्ही डबे सारखेच, स्टीलचे, लखलखीत. एक उघडून त्यानं आत बोट घातलं आणि ते जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

"मी सांगितलं होतं का तुला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सांगितलं होतं का मी, पूस म्हणून?"

पाणी उकळायला लागलं होतं.

"आरशाचं काही नाही," मामा म्हणाला. "आरसा परत घासेन मी. पण मी रोज तुला फोन करायचो. रोज विचारायचो. तू काय करत असायचीस तेव्हा?"

तिला खोटं सुचलं. त्या तीन महिन्यांत ते फार लवकर सुचायला लागलं होतं. तिनं ते गिळलं.

"भाजी चिरत असायचे," ती म्हणाली. "फोन कानाशी धरून. कधी संपतोय याची वाट बघत."

"आणि आज सही नसती करायला लागली तर?"

"नसतं सांगितलं."

मामानं ओट्यावर चाचपून गॅस बारीक केला आणि तिच्या दिशेनं हात पुढे केला, तळवा वर करून. लख्खूनं मुठीतली रबरं त्यात ठेवली. त्यानं ती बोटांनी मोजली आणि परत तिच्याच हातात दिली.

"साखरेला एक," तो म्हणाला. "चहाला दोन. मिठाला तीन. चढव."

लख्खूनं डबे उघडून, आत बघून, रबरं चढवली. मामा शेजारीच उभा राहिला आणि तिनं एकेक डबा खाली ठेवला की त्यावरून बोट फिरवून बघत राहिला.